शेजार जोडताना पडणारे प्रश्न

नव्या घरात सामान लावून होतं, पडदे टांगून होतात, दारावर नावाची पाटी लागते. पण समोरच्या दाराआड कोण राहतं हे कळायला कधीकधी वर्ष लोटतं. मी बरीच घरं बदलली आहेत आणि प्रत्येक ठिकाणी शेजार पहिल्यापासून मांडला आहे, काही ठिकाणी चांगला, काही ठिकाणी अगदीच अर्धवट. या विषयावर बोलणं निघालं की लोक पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात आणि विचारताना थोडे संकोचतात. संकोचण्यासारखं त्यात काही नाही. शेजार कसा मांडायचा हे कोणी कधी आपल्याला शिकवलेलंच नसतं.

मला मित्र आहेत, नातेवाईक आहेत, हातात फोन आहे. शेजाऱ्यांची ओळख हवीच कशाला?

मित्र तासाभराच्या अंतरावर असतात. काही प्रसंगांना तेवढा तास नसतो.

१७ जानेवारी १९९५ला पहाटे पावणेसहाच्या सुमारास जपानमध्ये कोबेच्या परिसरात मोठा भूकंप झाला. माणसं झोपेत होती. सहा हजारांहून जास्त लोक गेले. ढिगाऱ्याखालून जे जिवंत निघाले, त्यांतल्या बहुतेकांना घरच्यांनी आणि आजूबाजूच्यांनीच बाहेर काढलं; बचाव पथकं पोचेपर्यंत बराच वेळ गेला होता. जवळच्या अवाजी बेटावरच्या होकुदान गावात तर कोणाच्या घरात कोण कुठल्या खोलीत झोपतं हे शेजाऱ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे नेमकं कुठे उकरायचं ते त्यांना शोधावं लागलं नाही. ही माहिती कुठल्याही सरकारी नोंदवहीत नसते. ती येण्याजाण्यातून जमते.

पण फक्त संकटासाठी शेजार जोडा असं मी म्हणणार नाही. रोजचं साधं सुखही त्यात आहे. २०१४मध्ये जिलियन सँडस्ट्रॉम आणि एलिझाबेथ डन या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की ज्या दिवशी माणसाचं तोंडओळखीच्या लोकांशी नेहमीपेक्षा जास्त बोलणं होतं, त्या दिवशी त्याला जास्त बरं वाटतं. जिवलगांशी नव्हे बरं का, तोंडओळखीच्या लोकांशी. जिन्यातल्या ‘काय, आज लवकर?’ला एवढं मोल आहे.

राहायला येऊन तीन वर्षं झाली. नुसती मान हलवतो, नावही माहीत नाही. आता जाऊन ओळख करून घेणं विचित्र दिसेल ना?

तुम्हाला दिसेल, समोरच्याला नाही. बहुतेक वेळा तोही तीन वर्षं याच कोड्यात असतो. सरळ सांगा: “आपण रोज भेटतो, पण मी कधी नाव विचारलंच नाही. मी अमुक, दुसऱ्या मजल्यावर राहते.” उशीर झाल्याची कबुली हीच इथे बोलण्याची सुरुवात होते. सबब शोधत बसू नका.

एक गोष्ट धीर देणारी आहे. २०१८मध्ये एरिका बूथबी आणि तिच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून असं दिसलं की पहिल्यांदा बोलून झाल्यावर आपण समोरच्याला किती आवडलो याचा अंदाज लोक कमीच धरतात. दोघंही मनात म्हणत असतात, ‘मी काहीतरीच बोललो’, आणि दोघांनाही समोरचा आवडलेला असतो. एकाच ठिकाणी राहणाऱ्या विद्यार्थ्यांमध्ये तर हा गैरसमज कित्येक महिने टिकलेला दिसला. शेजाऱ्याने काल तुटक उत्तर दिलं असं वाटत असेल, तर हे आठवा.

बोलायचं काय? मला सुचतच नाही.

दोघांच्या डोळ्यांसमोर जे आहे तेच. बंद पडलेली लिफ्ट, गेलेलं पाणी, कुंडीतलं झाड, हातातलं अवजड सामान. प्रश्न उत्तर देता येईल इतका लहान असावा. “तुम्ही काय करता?” हा पहिला प्रश्न मला आवडत नाही. ज्याची नोकरी नुकतीच गेली आहे किंवा जी घरचं आजारपण काढते आहे, तिला तो टोचतो. “तुम्ही इथे बरीच वर्षं आहात का?” हा बरा. जुन्या रहिवाशाला त्यावर भरभरून बोलता येतं आणि नव्याला निदान ‘नाही, आम्हीही नवेच’ म्हणता येतं.

नाव विसरलो तर?

पुन्हा विचारा, लगेच, पुढच्या भेटीतच. जितकं लांबवाल तितकं जड जाईल. मी घरी आल्यावर फोनमध्ये नाव, मजला आणि एखादी खूण लिहून ठेवते. यात खोटेपणा नाही. ज्या माणसाची आपल्याला किंमत वाटते त्याचंच आपण लिहून ठेवतो.

आमच्या इमारतीत कोणी दिसतच नाही. दारं कायम बंद.

मग दोष माणसांचा आहे की जागेचा, हे आधी पाहा. १९५०मध्ये लिओन फेस्टिंगर, स्टॅनली शाख्टर आणि कर्ट बॅक यांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. राहणाऱ्यांनी आपली घरं स्वतः निवडलेली नव्हती. तरीही एकाच मजल्यावर लगतच्या दारातल्या शेजाऱ्याला मित्र म्हणणाऱ्यांचं प्रमाण ४१ टक्के निघालं आणि त्याच मजल्याच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्याला मित्र म्हणणाऱ्यांचं फक्त १० टक्के. तळमजल्यावर जिन्याशेजारी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरच्यांशीही ओळख होती, कारण वर जाणारा प्रत्येक जण त्यांच्या दारावरून जात होता. स्वभाव, आवडीनिवडी हे सगळं नंतर आलं; आधी पावलं एकमेकांच्या वाटेत आली.

रस्त्याचंही तसंच. सॅन फ्रान्सिस्कोत डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी एकसारख्या दिसणाऱ्या तीन रस्त्यांची तुलना केली. ज्या रस्त्यावर दिवसाला सुमारे २,००० गाड्या जात, तिथल्या माणसाला त्याच रस्त्यावर सरासरी तीन मित्र आणि सहा ओळखीचे होते. जिथे सुमारे १६,००० गाड्या जात, तिथे एकही पुरा मित्र नाही आणि ओळखीचे जेमतेम तीन. माणसं तुसडी नव्हती. रस्त्यावर उभं राहून बोलायची सोयच उरली नव्हती.

म्हणून उपाय जागेतच शोधा. लिफ्टऐवजी जिना घ्या. फोनवर बोलायचं असेल तर खोलीत न बसता गॅलरीत किंवा खाली जाऊन बोला. रोज एका ठरावीक वेळी बाहेर पडा. वेळ ठरावीक असली की तीच तीच माणसं भेटतात आणि चौथ्या-पाचव्या दिवशी हसू आपोआप येतं. इमारतीच्या तळाशी एक बाक मांडता आला तर फार मोठं काम होईल. बाकावर बसलेल्या माणसाशी बोलायला निमित्त लागत नाही.

शेजाऱ्यांना मदत करायची माझी मनापासून इच्छा आहे. “काही लागलं तर सांगा” असं सगळ्यांना सांगून ठेवलंय, पण कोणी काही सांगत नाही.

या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा विस्ताराने.

“काही लागलं तर सांगा” हे वाक्य आपण सगळेच बोलतो आणि त्यामुळे कोणाचं काही अडत नाही, की सुटतही नाही. मागण्याचं ओझं आपण समोरच्यावरच टाकून मोकळे होतो. ज्याची ओळख नीट नाही, त्याच्याकडे मागायचं कसं?

त्यापेक्षा आधी तुम्ही मागा. शिडी मागा, पाना मागा, शिवणकामाची कात्री मागा, कुरियर आलं तर घेऊन ठेवायला सांगा, कागद भरताना एक अडलेला शब्द विचारा. लहानसं, सहज देता येण्यासारखं, आणि नाही म्हटलं तरी कोणाला वाईट वाटू नये असं.

अठराव्या शतकातले अमेरिकी नेते बेंजामिन फ्रँकलिन यांनी आपल्या आठवणींत एक प्रसंग लिहून ठेवला आहे. पेनसिल्व्हेनियाच्या प्रतिनिधीगृहातला एक सदस्य त्यांच्या विरोधात होता. फ्रँकलिननी त्याची मनधरणी केली नाही. त्याच्या संग्रहात एक दुर्मीळ पुस्तक होतं, ते थोड्या दिवसांसाठी वाचायला मागितलं, आठवड्याभराने आभाराच्या चिठ्ठीसह परत केलं. त्यानंतर तो माणूस आपणहून बोलायला लागला आणि पुढे त्यांची मैत्री टिकली. १९६९मध्ये जेकर आणि लँडी या संशोधकांनी हेच प्रयोगातून तपासलं. प्रयोगात जिंकलेले पैसे संशोधकाने स्वतः विनंती करून काही जणांकडून परत मागून घेतले. ज्यांच्याकडून त्याने अशी मेहरबानी मागितली, त्यांनाच तो इतरांपेक्षा जास्त आवडला.

मागितल्याने आपण लहान होतो ही भीती म्हणून खरी नाही. आपण मागतो तेव्हा समोरच्याला सांगत असतो की तुमच्याकडे देण्यासारखं काही आहे आणि तुमच्यावर माझा विश्वास आहे. शिवाय एकदा तुम्ही मागितलं की त्यालाही मागायची मुभा मिळते. उसनवारीचं दार दोन्ही बाजूंनी उघडतं. नुसता देत राहणारा शेजारी चांगला असतो, पण त्याच्यापुढे माणूस अवघडतो. फेड कशी करायची या विचाराने हळूहळू टाळायला लागतो. हे मी जवळून पाहिलं आहे. आमच्या इमारतीत एक बाई सगळ्यांचं सगळं करायच्या आणि कोणाकडून कधी काही घ्यायच्या नाहीत. त्या आजारी पडल्या तेव्हा त्यांच्या दारावर टकटक करायला सगळे बिचकत होते. त्यांना काय चालेल, हेच कोणाला माहीत नव्हतं.

मागण्याचे दोनतीन नियम मात्र पाळा. वस्तू सांगितलेल्या वेळेच्या आधी परत द्या, आणली तशी, पुसून. खराब झाली तर लपवू नका, भरून द्या. आणि पैसे उसने मागून ओळखीची सुरुवात कधीही करू नका.

मी अबोल आहे. माझ्याच्याने हे होणार नाही.

अबोल माणसं चांगले शेजारी होतात, कारण ती ऐकतात. सगळ्या इमारतीशी बोलायची गरज नाही. दोन घरं पुरेत: एक तुमच्या भिंतीला लागून असलेलं आणि एक वाटेत रोज दिसणारं. बोलणं जमत नसेल तर कामातून जा. जिन्यातला दिवा बदला, झाडांना पाणी घाला, दार धरून ठेवा. लोक बघतात.

तोंडओळखीची मैत्री व्हायला किती काळ लागतो?

कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी याचा हिशेब मांडला आहे. त्यांच्या अभ्यासात परक्याचा बऱ्यापैकी ओळखीचा मित्र व्हायला एकत्र घालवलेले साधारण ५० तास लागले, मित्र व्हायला ९० आणि जिवलग व्हायला २००हून जास्त. जिन्यात रोज दोन मिनिटं बोललात तर वर्षात बारा तास होतात. यावरून दोन गोष्टी समजून घ्या. सहा महिन्यांत शेजारी जिवलग झाला नाही म्हणून खट्टू होऊ नका. आणि खरोखर मैत्री हवी असेल तर जिन्याबाहेर पडा: सोबत फिरायला जा, मुलांना एकत्र आणा-सोडा, एखादं काम मिळून करा.

सगळ्या शेजाऱ्यांशी मैत्री व्हावी असंही नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३मध्ये मांडलं की नोकरीची, संधीची नवी माहिती आपल्याला बरेचदा दूरच्या ओळखींतून मिळते, कारण जवळच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही आधीच माहीत असतं. अर्धवट ओळखसुद्धा वाया जात नाही.

जवळीक वाढली आणि मग ते सारखे घरात यायला लागले तर?

ही भीती बऱ्याच जणांना गप्प ठेवते. सुरुवातीलाच उंबऱ्यावर बोलायची सवय ठेवा. दारात उभं राहून झालेल्या गप्पा कमी आपुलकीच्या नसतात. “आत्ता कामात आहे, संध्याकाळी सातला येऊ का मी?” असं म्हणून वेळ आणि जागा दोन्ही तुम्ही ठरवा. आणि एका शेजाऱ्याची गोष्ट दुसऱ्याकडे नेऊ नका. खासगीपण खरं तर घरात येण्याने जात नाही, घरातलं बाहेर जाण्याने जातं.

मी भाड्याने राहते. वर्षभरात जाणारच आहे. कशाला गुंतायचं?

वर्षाचे ३६५ दिवस तुम्ही तिथेच झोपणार आहात. जाणार आहोत म्हणून जेवण थांबवत नाही आपण. उलट जाणाऱ्याला एक मोकळीक असते: जुने रुसवेफुगवे त्याला लागू नसतात, त्यामुळे न बोलणारी दोन घरं त्याच्या निमित्ताने बोलू शकतात.

वरच्या घरातून रोज रात्री आवाज येतो. भांडण न करता कसं सांगू?

ओळख नसताना पहिलं बोलणं तक्रारीचं असेल तर तुम्ही त्यांच्यासाठी कायमचे ‘तक्रारवाले’ होता. म्हणून जमलं तर आधी एकदा तरी नुसतं भेटा. मग सांगा, पण आवाज चालू असताना जाऊ नका. रागाच्या भरात वाजवलेली बेल समोरच्याला आधीच बचावात उभं करते. दुसऱ्या दिवशी, उजेडी जा.

नेमकं सांगा. “तुम्ही फार आवाज करता” हा आरोप झाला. “रात्री अकरानंतर खुर्ची सरकवल्याचा आवाज आमच्या झोपायच्या खोलीत येतो” ही माहिती झाली. बऱ्याचदा वरच्यांना खाली काय ऐकू येतं याची कल्पनाच नसते; त्यांना एकदा तुमच्या खोलीत बसून ऐकायला बोलवा. उपाय त्यांनाच सुचू द्या. खुर्चीच्या पायांना फेल्टचे तुकडे लावले की अर्धी भांडणं संपतात.

चिठ्ठी लिहू नका, निनावी तर मुळीच नाही. मी एकदा लिहिली होती. वरून रात्री दोन-तीन वेळा ठकठक यायची. मी चार कडक ओळी लिहून दाराखालून सरकवल्या. पुढे कळलं की घरातल्या आजोबांना रात्री उठावं लागायचं आणि ते वॉकर घेऊन चालायचे. मी माफी मागायला गेले तेव्हा त्यांच्या सुनेने वॉकरच्या पायांना कापड गुंडाळलेलं दाखवलं. माझ्या चिठ्ठीनंतर गुंडाळलेलं. आधी वर जाऊन विचारलं असतं तर ते कापड मीच घेऊन गेले असते.

धमकी, मारहाण किंवा घरातल्या कोणावर अत्याचार होत असल्याचा संशय असेल तर हे काहीही लागू नाही. तिथे समजुतीने घेऊ नका, पोलिसांना कळवा.

सगळ्यांच्या वापराच्या जागेवरून, पार्किंगवरून, सतत वाद होतात.

एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं ते याच प्रश्नावरच्या कामासाठी. जगभरची सामायिक कुरणं, मासेमारीच्या जागा, पाटाचं पाणी त्यांनी पाहिलं. जिथे वाटप पिढ्यान्‌पिढ्या टिकलं तिथे नियम वापरणाऱ्यांनीच बनवलेले होते, लक्षही तेच ठेवत, पहिल्या चुकीला शिक्षा हलकी असे आणि वाद मिटवायला जवळची, कमी खर्चाची जागा होती. इमारतीला हे जसंच्या तसं लागू पडतं. चार पदाधिकाऱ्यांनी ठरवून भिंतीवर चिकटवलेली सूचना कोणी पाळत नाही. गाडी लावणारे सगळे एकदा खाली उभे राहून खडूने रेषा आखतात, ती रेषा पाळली जाते. आणि पहिल्याच वेळी दंड नको. आधी नुसतं सांगणं.

व्हॉट्सॲप ग्रुप केला तर पुरेसं नाही का?

पाण्याची वेळ, बंद लिफ्ट, हरवलेली किल्ली यासाठी उत्तम. ओळखीसाठी नाही. आणि वाद तर ग्रुपवर कधीच मिटवू नका. चाळीस जणांसमोर माघार घेणं कोणालाही कठीण जातं, दोघांत ते सोपं असतं. ग्रुपवर ठिणगी दिसली की फोन खाली ठेवा आणि त्या घरी जा.

मी कार्यक्रम ठरवला, तिघंच आले.

तिघं आले हे चांगलं झालं. तिघांत बोलणं होतं, तिसांत ओळखीचेच ओळखीच्यांशी बोलतात. पुढच्या महिन्यात त्याच दिवशी, त्याच जागी पुन्हा करा, छोटंच. वर्षातून एकदा होणाऱ्या मोठ्या सोहळ्यापेक्षा दर महिन्याचा साधा अर्धा तास मी केव्हाही पसंत करीन. आमंत्रण दारावर जाऊन द्या आणि प्रत्येकाला एक काम सांगा: तू चटई आण, तुम्ही दिव्याची वायर बघा. ज्याच्याकडे काम असतं तो येतो.

आमची भाषा वेगळी, शेजाऱ्यांची वेगळी.

त्यांच्या भाषेतलं अभिवादन आणि ‘धन्यवाद’ एवढे दोन शब्द त्यांच्याकडूनच शिकून घ्या. उच्चार चुकेल, ते सुधारतील, आणि तेवढ्यात ओळख झालेली असेल. मुलं असतील तर काळजीच नको. ती आपल्या आधी पोचतात.

शेजारी एकटे राहणारे वृद्ध गृहस्थ आहेत. ते कोणाला जवळ करत नाहीत.

त्यांना सोडू नका. जुलै १९९५मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली आणि ७३९ जास्तीचे मृत्यू झाले. त्यांत बरेच एकटे राहणारे वृद्ध होते. समाजशास्त्रज्ञ एरिक क्लिननबर्ग यांनी शेजारशेजारच्या दोन वस्त्या तपासल्या. दोन्हीकडे गरिबी होती, एकटे राहणारे वृद्धही होते. तरी एका वस्तीतलं मृत्यूंचं प्रमाण दुसरीच्या दहापट होतं. जिथे माणसं वाचली तिथे रस्ते गजबजलेले होते, दुकानं उघडी होती, म्हाताऱ्या माणसांना घराबाहेर पडायला कारण होतं आणि ती दिसली नाहीत तर कोणाच्या तरी लक्षात येत होतं. दुसरीकडे दुकानं बंद पडली होती, रस्ते ओस होते, म्हातारी माणसं भीतीने दार लावून बसली होती.

तुमच्या शेजाऱ्यांना गप्पा नको असतील. पण त्यांच्या दिवसाची एक खूण तुम्हाला माहीत असू शकते: सकाळी खिडकी उघडते, दारातलं वर्तमानपत्र उचललं जातं. ती खूण चुकली तर बेल वाजवायची, एवढं मनाशी ठरवा. शक्य झालं तर त्यांनाही सांगा, “दहापर्यंत पेपर दारातच दिसला तर मी बेल वाजवीन, चालेल ना?” मदत म्हटलं की नाही म्हणणारी माणसं अशा ठरावीक, छोट्या गोष्टीला हो म्हणतात. त्यांच्या नातेवाइकांचा एक नंबर मागून ठेवा. आणि त्यांच्याकडेही काहीतरी मागा. त्यांना जुनं घड्याळ दुरुस्त करता येत असेल, अर्ज लिहिता येत असेल.

सगळं करून पाहिलं. समोरचे हसतही नाहीत.

असं होतं. दुःख, आजार, आधीच्या शेजाऱ्याचा वाईट अनुभव, काहीही कारण असेल. ते शोधायचा आपल्याला अधिकार नाही. तुम्ही नमस्कार करत राहा, उत्तराची वाट न बघता, आणि पावलं दुसऱ्या दाराकडे वळवा.

नवे लोक समोर राहायला आले आहेत. पहिल्या दिवशी काय करू?

सामान उतरत असताना लांबलचक गप्पा नकोत. एका कागदावर तुमचं नाव, घराचा आणि फोनचा नंबर, पाणी किती वाजता येतं, कचरा कधी नेतात, वीज गेली तर मेन स्विच कुठे आहे, जवळचा दवाखाना कुठला, एवढं लिहा. दारात द्या आणि परत या. आठवड्याभराने त्यांच्याकडे शिडी आहे का, ते विचारायला जा.